डावा ब्रेक

आधी सायलेन्सर.
हे त्यानं सांगितलं नाही, दाखवलं:
डाव्या हाताचं बोट तोंडाशी नेऊन फुंकर मारली,
अर्धीच, कारण ओठाचा उजवा कोपरा अजून ऐकत नाही.
मला वाटलं, चहा गार करून मागतोय.
मग त्यानं स्कूटरच्या पोटाखालच्या गंजक्या नळीकडे पाहिलं
तेव्हा कळलं.

एकोणतीस वर्षं ह्या घरात चाक निघायचं ते असं:
तो खाली फरशीवर, पाना घेऊन,
मी वर, ब्रेक दाबून.
"दाब," म्हणायचा योंग-लाय. "अजून. झोपलीस काय?"
कुठला नट, किती नंबरचा, कुठल्या बाजूला फिरतो,
मी कधी वाकून पाहिलं नाही.
माझ्याकडे ब्रेक होता.

आता लू मिस्त्री शटर ओढून
काओश्युंगला मुलीकडे राहायला गेलाय,
टायर गुळगुळीत झालंय शिंपल्याच्या आतल्या अंगासारखं,
आणि माकुंग दोन पूल ओलांडून.
स्कूटर बसमध्ये चढत नाही. चाक चढतं.

बायशाचा वारा सहा महिने समुद्र पाठीवर घेऊन फिरतो.
भुईमुगाच्या वाफ्यांभोवती आम्ही
पोवळ्याच्या दगडांच्या भिंती घातल्या,
स्कूटरभोवती कोण घालणार?
सायलेन्सरचे दोन्ही नट मिठानं गिळलेले.
तेल सोडलं. थांबले.
तेवढ्यात कालवांची एक पाटी फोडून झाली.
पुन्हा तेल सोडलं.
एक सुटला. दुसऱ्याचे कोपरे झिजून गोल झाले
तेव्हा मी शिवी हासडली,
लगेच देव्हाऱ्यातल्या माझूची माफी मागितली,
आणि योंग-लाय हसला,
अर्ध्या चेहऱ्यानं, पण तेच जुनं हलकट हसू.
शेवटी पकडीनं आला तोही, चावत चावत.

मग मधला, मोठा.
किती नंबर?
त्यानं दोन बोटं दाखवली. मग चार.
चोवीसचा पाना काढला डब्यातून.
बसला, जुनी चप्पल पायात बसते तसा.

पण ब्रेक?
आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो.
खुर्ची ओढली हँडलपाशी, त्याला बसवलं.
उजवा हात मांडीवर, मी ठेवला तसाच,
कोणी विसरून गेलेला हातमोजा.
आणि मागच्या चाकाचा ब्रेक,
इतकी वर्षं दाबून माझ्या कसं लक्षात आलं नाही,
डावीकडे असतो.

"दाब," म्हटलं मी.
पान्यावर तराफ्याचा लोखंडी पाइप चढवला,
पाइपवर पाय, पायावर सगळी मी, बासष्ट किलो.
"अजून. झोपलास काय?"
तार ताणल्याची कुरकुर ऐकू आली.
मग कडाक्.
मला वाटलं, मोडलं काहीतरी.
तो मान हलवत होता: नाही, नाही, सुटला.

इंजिनाखाली मासळीचं खोकं सरकवलं.
नट हातानं आला. वायसर बशीत ठेवला.
चाक ओढलं. येईना.
गदागदा हलवलं. भिंतीला पाय लावून ओढलं.
शेजारच्या श्यू-जूला हाक मारणार होते
तेवढ्यात वर पाहिलं.
तो अजून दाबून बसला होता,
बोटांची पेरं पांढरी, कपाळाला घाम,
सांगितलेलं काम करत.

"सोड रे आता."
सोडलं,
तशी मी चाकासकट मागे पडले,
ग्रीस झग्यावर, हातांवर, हनुवटीवर.

चाकाच्या जागी ब्रेकचे दोन पट्टे उघडे पडले होते,
काळपट, झिजलेले, कधीच न पाहिलेले.
ते थोडे फाकले. मिटले. परत फाकले.
मला कळेना, हे कोण करतंय.
मान वर केली तर
तो लिव्हर दाबत होता, सोडत होता,
माझ्याकडे बघत,
इथवर पोचतंय का ते.

"पोचतंय," मी म्हटलं.

अकराची बस गाठली. चाक खताच्या पोत्यात,
पोतं मांडीवर.
पहिल्या पुलावर मागच्या बाईनं विचारलं,
कसा आहे गं नवरा? बोलतो का काही?

म्हटलं, चोवीस.